मेहर, पोटगी आणि सामानाची यादी : खानदेशात मुस्लीम कुटुंबकायद्याचा अभ्यास कसा करावा

चोपड्याच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. समाजशास्त्रात तिचं एम.ए. झालं आहे, पीएच.डी.साठी मुस्लीम कुटुंब, स्त्रिया आणि कायदा असा विषय डोक्यात आहे, आणि झिबा मीर-होसैनी या इराणी मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचून ती भारावली आहे. तिला विचारायचंय ते असं : तेहरानच्या कोर्टात बसून बाईंनी जे केलं ते जळगाव-धुळ्यात जमेल का? तीन तलाकविरुद्धच्या २०१९ च्या कायद्यानंतर तलाकमध्ये अभ्यासण्यासारखं काही उरलंय का? आणि मी मुस्लीम नाही, तर बायका माझ्याशी बोलतील का?

याच भागात, याच विषयावर माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी बाईंबद्दल, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच त्या माहीत असतील असं नाही. जन्म १९५२ चा, केंब्रिजची डॉक्टरेट १९८० ची. त्या परतल्या तेव्हा इराणमध्ये क्रांती होऊन गेली होती. स्वतःचं लग्न मोडत होतं, तलाक सहजी मिळेना, तेव्हा हा कायदाच शिकून घेतला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ऐंशीच्या दशकात त्या आधी तेहरानच्या आणि मग मोरोक्कोच्या कौटुंबिक कोर्टांत जाऊन बसल्या. त्यावरचं पुस्तक १९९३ मध्ये आलं. १९९८ मध्ये किम लाँजिनॉटो यांच्यासोबत त्यांनी तेहरानच्या कोर्टावर माहितीपट केला. त्यात एक बाई कोर्टाचा कागद फाडते आणि 'मी फाडलाच नाही' म्हणून न्यायाधीशांना तोंडावर सांगते. माहितीपट तिचा निवाडा करत बसत नाही. ही नजर जमली तर अर्धं काम जमलं. पुढे २००९ मध्ये क्वालालंपूरला मुस्लीम कुटुंबात समानता मागणारी 'मुसावा' ही चळवळ उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही त्या आहेत.

शरियत हा ईश्वराचा मार्ग आणि फिक्ह ही माणसांनी त्या त्या काळात केलेली त्याची मांडणी, त्यामुळे फिक्ह बदलू शकतं, ही त्यांची मांडणी परिषदांमध्ये फार चालते. मला स्वतःला मात्र त्यांचं कोर्टातलं एक निरीक्षण त्याहून मोलाचं वाटतं. इराणमध्ये नवऱ्याच्या हाती तलाक आहे, बायकोला मात्र कारणं सिद्ध करत बसावं लागतं. पण निकाहात मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, भरपूर लिहिलेली असते, बायकोने मागितली की ती देणं भाग असतं, आणि आयुष्यभर सहसा कोणी ती मागत नाही. तेव्हा सुटका हवी असलेली बाई कोर्टात येते आणि म्हणते, मला माझी मेहर द्या. तिला पैसे नकोच असतात. नवऱ्याला ती रक्कम झेपत नाही, तो वाटाघाटीला बसतो, मग मेहर सोडून तलाक, किंवा मेहर सोडून मूल. मोरोक्कोत मेहरचा मोठा भाग लग्नातच देऊन टाकतात, त्यातून नवरीचं सामान येतं. म्हणून तिथल्या बायका तेव्हा नफक्याचा, म्हणजे थकलेल्या पोटगीचा दावा लावायच्या आणि त्या दोरीने नवऱ्याला ओढून आणायच्या. दोन्हीकडे कायदा पुरुषाच्या बाजूने झुकलेला, दोन्हीकडे बाईच्या हातात काहीतरी उरलेलं, आणि ते दोन्हीकडे वेगळं.

खानदेशात तुम्ही विचारायचा प्रश्न हाच. इथल्या बाईच्या हातात काय आहे, आणि ते ती कोणापुढे वापरते? इस्लाम काय म्हणतो, हा प्रश्न मौलानांना विचारा. त्याची उत्तरं तयार असतात आणि छापलेलीही मिळतात.

सुरुवात मेहरपासून करा, आणि ती काझीच्या रजिस्टरात बघा. छापील वही असते, बहुतेक उर्दूत. दर पानावर दुल्हा, दुल्हन, दोघांचे वडील, वकील (कोर्टातला नव्हे, दुल्हनच्या वतीने बोलणारा), दोन गवाह, आणि मेहरचा रकाना : रक्कम, आणि पुढे 'नकद' की 'उधार'. जुनी पानं उलटलीत तर ७८६, ११००, २१०० अशा रकमा दिसतील. अलीकडच्या पानांवर आकडे वाढलेत, कुठे सोनं लिहिलेलं असतं, शिकल्यासवरल्या घरांत मेहर-ए-फातिमी लिहिण्याची पद्धत वाढली आहे, म्हणजे साधारण १,५३० ग्रॅम चांदी किंवा तिची किंमत. पण उधारीच्या जुन्या पानांवर ज्या बायका आहेत, त्याच आज चाळिशी-पन्नाशीत कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या असतात. हजार-दोन हजारांच्या मेहरने कोणता नवरा वाटाघाटीला येणार? इराणने महागाईप्रमाणे मेहरची रक्कम वाढवून देण्याचा कायदा १९९७ मध्ये केला. इथे १९९० ची अकराशे ही आजही अकराशेच.

मेहर कमी का ठेवतात, हे विचारून बघा. मुलीकडच्यांनी आकडा वाढवला की समोरून उत्तर येतं, 'अभीच तोडने का सोच रहे क्या?' अपशकून कोणाला हवाय? शिवाय कपाट, दिवाण, भांडी, मुलाला गाडी असा सगळा ओघ मुलीकडून मुलाकडे चाललेला असतो. फिक्हच्या हिशेबात देणं पुरुषाचं, लग्नाच्या मांडवात देणं मुलीच्या बापाचं. ही उलटापालट ज्याला दिसली नाही त्याला खानदेशातला 'खुला', म्हणजे बायकोने मागून घेतलेली सुटका, कधीच समजणार नाही.

मग बाईच्या हातात काय? '१२५'. फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे पोटगीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं, पण कोर्टाच्या आवारात चहावाल्यापासून बेलिफापर्यंत सगळे अजून १२५ च म्हणतात. शाहबानो १९८५, नंतरचा १९८६ चा कायदा, २००१ चा डॅनियल लतिफी निकाल, जुलै २०२४ चा तेलंगणातल्या अब्दुल समद प्रकरणातला निकाल, हा सगळा प्रवास तुम्हाला कुठल्याही वकिलाकडे तोंडपाठ मिळेल. घटस्फोटित मुस्लीम बाईलाही या कलमाखाली पोटगी मागता येते, इथवर तो येऊन थांबलाय. माणसांचा अभ्यास करणाऱ्याने त्यापुढे बघायचं. पोटगीचा हुकूम झाला. नवरा भरत नाही. थकबाकीसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर मागची रक्कम या वाटेने वसूल होत नाही. वॉरंट निघतं. नवरा सुरतेला, उधना नाहीतर लिंबायतला, लूमवर किंवा रिक्षावर. वॉरंट परत येतं, 'दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' बाईचा भाऊ भुसावळ-सुरत गाडीत बसतो, पत्ता शोधून येतो, पुन्हा अर्ज. एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नवरा एकदा का आत जायच्या बेतात आला की त्याचे चुलते, मामा, जमातीचे सदर सगळे जागे होतात, आणि ज्या बैठकीला दोन वर्षं कोणाला सवड नव्हती ती चार दिवसांत भरते.

मोरोक्कोतल्या बायका जे नफक्याच्या दाव्याने करत होत्या ते इथे १२५ ने होतं. मीर-होसैनी बाईंच्या पुस्तकाचा इथे उपयोग आहे तो हाच. फक्त इथे पोटगीच्या अर्जाला जोडून दोन कागद आणखी असतात : घरगुती हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, आणि सासरच्या छळाची ४९८-अ ची फिर्याद, जी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये गेली. तिन्ही कागद मिळून एक वाटाघाट उभी राहते.

ही वाटाघाट कुठे होते? कोर्टात फार थोडी. मशिदीच्या बाजूची खोली, बिरादरीच्या अध्यक्षाची ओसरी, क्वचित वकिलाचं ऑफिस. खुल्याच्या अशा एका बैठकीचं सांगते. तपशील बदललेत, पण घडण हीच. बाहेर पुरुष गोल करून बसलेले. मुलगी आत, दाराच्या चौकटीला टेकून, आई आणि फुफी शेजारी. बोलायचं काम मामाचं. तो बाहेर दोन वाक्यं ऐकतो, आत येऊन सांगतो, तिचं उत्तर बाहेर नेतो आणि नेताना थोडं घासूनपुसून नेतो. ती म्हणाली होती, 'मेरेकू उसका मूँ नई देखना.' बाहेर गेल्यावर ते झालं, 'लडकी की मर्जी नई है.' मौलानांनी तीन वेळा समेटाचं विचारलं, तीन वेळा नाही आलं. मग निकाह मोडण्याची चर्चा पाच-दहा मिनिटांत संपली आणि सगळी दुपार सामानाच्या यादीत गेली.

ही यादी लग्नातच केलेली असते, रेघी वहीच्या पानावर, दोन्हीकडच्या सह्यांची. कपाट, दिवाण, कूलर, हंडा, पातेली उतरत्या मापाने, गाद्या, मिक्सर, चांदीचे पैंजण. आता त्यावर एकेक ओळ वाचायची आणि खूण करायची. मिक्सर बिघडला, तो धरायचा का? पैंजण सासूने नणंदेच्या लग्नात दिले, ते कोण भरून देणार? कूलरच्या जागी पैसे चालतील का? सगळ्यात मोठा आवाज पातेल्यांवरून झाला. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटतं, मलाही सुरुवातीला कंटाळवाणं वाटायचं. पण नीट बघा. पुस्तकातला खुला म्हणजे बाईने मेहर परत करून सुटका मागायची. इथे मेहर दिलीच नव्हती, तर परत काय करणार? कागदावर 'मेहर माफ, इद्दत का खर्चा माफ' हे शब्द येतात (इद्दत म्हणजे निकाह तुटल्यावर बाईने थांबायची मुदत), ते तेवढ्यापुरते. खरी देवाणघेवाण बापाने घातलेल्या सामानाची आणि पोलिसात दिलेल्या फिर्यादीची असते. ती फिर्याद मागे घेणार, तो सामान देणार, मूल तिच्याकडे, त्याच्या पोटगीबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. हा शेवटचा मुद्दा मी जवळपास प्रत्येक बैठकीत गिळला जाताना पाहिलाय, आणि मुलाच्या पोटगीवर आईने सोडलेलं पाणी कायद्याने टिकत नाही हे बसलेल्यांपैकी निदान वकिलाला तरी ठाऊक असतं.

नंतर कागद. पूर्वी शंभरच्या स्टॅम्पवर, हल्ली पाचशेच्या. नोटरीचा शिक्का, खाली काझी किंवा मौलानांची सही. आणि इथेच घोडं अडतं. पोटगीच्या अर्जात पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन प्रकरण काढून घेता येतं, पण ४९८-अ ची केस दोघांनी हात मिळवले म्हणून बंद होत नाही, ती रद्द करायला औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली. त्यामुळे नवऱ्याकडचे म्हणतात, आधी औरंगाबादचा कागद, मग सामान. मुलीकडचे म्हणतात, आधी सामान. मशिदीच्या खोलीतली तडजोड हायकोर्टाच्या तारखेवर टांगलेली राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगून ठेवलंय की फतव्याला आणि दारुल कझाच्या, म्हणजे काझींच्या शरियत पंचायतीच्या, निर्णयाला कायद्याचं बळ नाही, ज्याला मानायचा त्याने मानावा. बरोबर आहे. पण 'शरियत विरुद्ध राज्यघटना' अशी जी लढाई टीव्हीवर चालते ती या ओसरीवर कुठे दिसते का बघा. दोन्ही एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. कॅथरीन लेमन्स यांनी दिल्लीत आणि सिल्व्हिया वाटुक यांनी चेन्नई-हैदराबादेत केलेल्या कामातही हेच येतं, ते जरूर वाचा.

औरंगाबाद खंडपीठाचा विषय निघालाच आहे, तर एक निकाल तुमच्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर हवा. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी, २००२, पूर्णपीठाचा. प्रकरण लातूरचं. पोटगीच्या केसमध्ये नवरा कैफियतीत लिहायचा, 'मी हिला अमुक तारखेला तलाक दिला', आणि तेवढ्यावर काम भागायचं. पूर्णपीठाने सांगितलं, असं नुसतं म्हणून चालणार नाही, तलाक झाला हे शाबीत करा. कारण काय होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता का, सगळं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात याच धर्तीवर निकाल दिला. तीन तलाकबद्दलचा शायरा बानो निकाल २०१७ चा, म्हणजे त्याआधी पंधरा वर्षं खानदेशातल्या कनिष्ठ न्यायालयांवर दगडू पठाणचा निकाल बंधनकारक होता. वर्तमानपत्रांना त्याचा पत्ता नव्हता, वकिलांना होता. परिणाम काय झाला ते मजेशीर आहे. नवऱ्याच्या बाजूने समेटाच्या नोटिसा रजिस्टर पोस्टाने जायला लागल्या. 'आमच्यातर्फे अमुक मध्यस्थ, तुम्ही तुमचा मध्यस्थ नेमा.' मध्यस्थ एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. समेटाचं नाटक फायलीसाठी बसवलं जातं, पण त्या नाटकामुळे दोन-चार महिने जातात आणि काही वेळा खरोखरच समेट होतो. कायदा माणसांना काय करायला लावतो याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

इतिहासाचं प्रकरण लिहाल तेव्हा खानदेशाकडे एक हक्काची गोष्ट आहे. ज्या 'फतावा-ए-आलमगिरी'चा हवाला हिंदुस्थानातल्या कोर्टांनी हनफी, म्हणजे इथल्या बहुतेक सुन्नींच्या पंथाच्या, कायद्यासाठी दीडदोनशे वर्षं दिला, तो ग्रंथ औरंगजेबाने विद्वानांचं मंडळ नेमून करून घेतला आणि त्या मंडळाचे प्रमुख होते शेख निझाम बुऱ्हाणपुरी. बुऱ्हाणपूर म्हणजे फारुकींची आणि पुढे मोगली खानदेश सुभ्याची राजधानी, आज मध्य प्रदेशात गेलेली. मूळ ग्रंथात एकेका प्रश्नावर अनेक इमामांची मतं शेजारी शेजारी असतात. इंग्रज न्यायाधीशांनी बेलीचा १८६५ चा इंग्रजी सारांश हातात घेतला आणि त्यातून कलमांसारखे नियम काढले. मुंबई इलाख्यात तर १८२७ च्या एल्फिन्स्टन रेग्युलेशनप्रमाणे रूढी आधी, धर्मशास्त्र नंतर, असा क्रम होता. काझींचं न्यायदानातलं स्थान १८६४ मध्ये गेलं, १८८० च्या कायद्याने त्यांना पुन्हा नेमता येऊ लागलं, पण निकाह लावण्यापुरतं, न्याय करण्याचा अधिकार त्यात नाही. १९३७ चा शरियत कायदा रूढीला बाजूला सारण्यासाठी आला, आणि त्याला महिला संघटनांचाही पाठिंबा होता, कारण कित्येक ठिकाणी रूढी मुलींना वारसा देतच नव्हती.

१९३९ चा विवाहविच्छेद कायदा तर बायकांच्या बंडातून आला असं मी वर्गात सांगते. हनफी मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्याची वाट त्याच्या वयाची माणसं संपेपर्यंत पाहायची. पण बायकोने धर्म सोडला तर निकाह आपोआप तुटतो. पंजाबात बायका नेमकं तेच करायला लागल्या, तेव्हा उलेमांची झोप उडाली. अशरफ अली थानवी या देवबंदी धर्मपंडितांनी तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मताचा आधार घेऊन वाट काढली, आणि 'चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नाही' हे १९३९ च्या कायद्यातलं पहिलं कारण झालं. दोन वर्षं पोसलं नाही, हे दुसरं. फिक्ह बदलत नाही असं कोणी म्हटलं की मी हा दाखला देते. मीर-होसैनी जे सिद्धांतातून मांडतात ते आपल्याकडे बायकांनी न शिकता करून दाखवलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. २०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तलाक रद्दबातल आणि गुन्हा ठरला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. माझ्या पाहण्यात त्यानंतर या भागात तीन तलाकचे कागद बरेच कमी झाले. वकीलच सांगतात, तसलं काही लिहू नका. पण विषय संपला म्हणाल तर नाही. तलाक दिला नाही म्हणजे नांदवलं असं थोडंच आहे? नवरा ना तलाक देतो, ना नेतो. दुसरं लग्न करून मोकळा होतो, कारण त्याला पहिलं मोडायची गरजच नाही. पूर्वी तलाकचा कागद फेकायचा तो आता गप्प राहतो, आणि गप्प राहणं हा गुन्हा नाही. मग बाईलाच खुला मागायला लावायचं, म्हणजे कागदोपत्री सोडलं कोणी, तर तिने. अलीकडे खुल्याची प्रकरणं वाढलेली दिसतात, आणि ती बाईच्या धिटाईची खूण आहे की नवऱ्याच्या हुशारीची, हे प्रकरणागणिक बघावं लागतं. दोन्हीची उदाहरणं मिळतात. तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न इथे आहे असं मला वाटतं. तलाकचा अभ्यास करू नका, न दिलेल्या तलाकचा करा.

वारशाचा भाग मोठा आहे, मी त्यात फार शिरत नाही. मुलीला भावाच्या निम्मं, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात बाप गेला की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात आणि पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्राने उतरतात. शेजारच्या पाटलांच्या घरी बहिणी जे करतात तेच पिंजारी, मणियार, बागवान घरांतल्या बहिणी करतात, आणि कारणही तेच सांगतात : माहेर तुटायला नको. १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे हे मात्र लक्षात ठेवा. तलाठ्याकडे बसलात तर या विषयावर मदरशापेक्षा जास्त शिकाल.

हाच धागा पुढे न्या. खानदेशात ज्याला लोक 'मुसलमानांचा प्रश्न' म्हणतात त्यातलं किती इस्लामी आणि किती खानदेशी? कितीतरी हिंदू जातींत फारकत, काडीमोड जातीच्या चार माणसांपुढेच होत आली. मामाच्या मुलीशी लग्न दोन्हीकडे, आणि ते बिघडलं की बहीण-भावात वितुष्ट दोन्हीकडे. १२५ च्या तारखेला बाकावर बसलेल्या बायकांना विचारा, कपाळावर कुंकू असो की डोक्यावर ओढणी, तक्रार तीच : पीतो, मारतो, नांदवत नाही, सुरतेला दुसरी केलीय. तुलना केल्याशिवाय हा प्रबंध लिहू नका. मार्गदर्शक 'विषय मर्यादित ठेवा' म्हणतील, त्यांना समजवा.

आणि तुम्ही चोपड्याच्या आहात, तर घराजवळचं सोडून लांब का जाता? यावल, रावेर, चोपडा, सातपुड्याच्या पायथ्याला तडवी भिल्ल आहेत. धर्माने मुसलमान, घटनेप्रमाणे अनुसूचित जमात. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधलेला आहे, जमातीचा नाही, म्हणून दोन्ही एकत्र नांदतात. निकाह काझी लावतो, पण तंटा आधी गावातल्या जाणत्यांपुढे जातो. शरियत कायद्यात आदिवासींना वगळलेलं नाही. उलट उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. उद्या तसाच कायदा महाराष्ट्रात आला तर भुसावळचा खाटीक त्यात आणि यावलचा तडवी त्याबाहेर, दोघेही एकाच इमामामागे नमाज पढणारे. या समाजावर मराठीत या अंगाने फार कमी लिहिलं गेलंय.

तिसरा प्रश्न, तुम्ही मुस्लीम नाही त्याचा. बोलतील. कधी कधी जास्त मोकळं बोलतील, कारण तुमच्याकडून गोष्ट बिरादरीत फिरणार नाही. अडचण वेगळीच येते. 'तुमच्यात असं असतं ना?' असा सूर लागला की दार बंद होतं. मुस्लीम बाईला वाचवायला निघालेल्यांवर लीला अबू-लुघोद यांनी २००२ मध्ये जे लिहिलं ते वाचून मगच निघा. आपल्याकडे तर वाचवायला निघालेल्यांत पक्ष, चॅनेल, संघटना सगळे येऊन गेलेत, बायकांना ते चेहरे ओळखू येतात. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लीम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, ही परंपरा माहीत असू द्या, पण तिचा झेंडा हातात घेऊन कोणाच्या ओसरीवर जाऊ नका. तिथे लगेच बाजू ठरते.

बायका तुम्हालाच विचारतील, ताई, आता मी काय करू? उत्तर देऊ नका म्हणणारे पद्धतिशास्त्राचे प्राध्यापक शहरात राहतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना वकील फुकट मिळतो, संरक्षण अधिकारी कुठे बसतात, थकबाकीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा, एवढं सांगायला काहीच हरकत नाही. निरोप्या मात्र होऊ नका. एकदा नवऱ्याकडचा निरोप बायकोकडे नेलात की त्या गावातलं तुमचं काम संपलं.

भाषेचं म्हणाल तर उर्दू लिपी शिका, रजिस्टरं आणि निकाहनामे त्याशिवाय वाचता येणार नाहीत. बोलण्याला इथली उर्दू, अहिराणी आणि मराठी यांचं मिश्रण चालतं, त्याची चिंता नको. काझी रजिस्टर दाखवतील, पण झेरॉक्स मागू नका, मोबाइल तर काढूच नका. नावं सोडून साल, मेहर, नकद की उधार, एवढं हाताने उतरवून घ्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आल्यापासून जमातीचे पंचही कागदाला बिचकतात. बैठकीत वही उघडी ठेवली तर ती बैठक तुमच्यासाठी होते.

शेवटचं संमतिपत्राचं. विद्यापीठ छापील नमुना देईल, खाली सहीची रेघ. तो घेऊन जाऊ नका. या बायकांनी आयुष्यात ज्या मोजक्या कागदांवर सह्या किंवा अंगठे केलेत ते म्हणजे निकाहनामा, हक्कसोडपत्र, खुल्याचा स्टॅम्प. प्रत्येक सहीने काहीतरी गेलंय. तुमच्या कागदावर त्या सही करणार नाहीत, केलीच तर रात्रभर झोपणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी भाऊ कागद परत मागायला येईल. तोंडी संमती घ्या, ती कोणासमोर आणि कशी घेतली ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि नैतिकता समितीला हे कारण आधीच लेखी कळवा. समित्या सहसा ऐकतात. नाही ऐकलं तर मला कळवा, मी पत्र देईन.